बे नंतर ते

दम्मामच्या दुकानात फ्रिजांच्या रांगेतून
हे किमती वाचत पुढे चालले होते.
मी दारांवरचे कागद वाचत मागे.
हिरव्यापासून लालपर्यंत सात पट्ट्या,
वरची आखूड, खालच्या लांबत गेलेल्या,
प्रत्येकीच्या टोकाशी एक अक्षर.
आणि ती अक्षरं मला येत होती!

अकरा वर्षं इथे काढून ह्यांना येत नाहीत.
मला आंजर्ल्याच्या मदरशात
हाफिजसाबांच्या छडीने आलेली.
अलिफ. बे.
बोट तिसऱ्या पट्टीवर गेलं आणि अडलं.
तिथे जीम.
बे नंतर ते हवं ना?
पुन्हा वरून वाचलं:
अलिफ, बे, जीम, दाल, हे, वाव, झे.
हे आहे. ते नाही.

विकणारा कोया मलप्पुरमचा.
म्हणाला, बाजी, हा शाळेचा क्रम नाही, मोजणीचा आहे.
अलिफ एक, बे दोन, जीम तीन.
जेवढं खाली जाल तेवढी वीज जास्त खाणार.
मला लहानपणीचा ताईत आठवला,
केशराच्या पाण्याने चौकटीत लिहिलेली
असलीच अक्षरं, असलेच आकडे,
ताप उतरावा म्हणून.
इथे तो यंत्राच्या गळ्यात.

मध्येच ह्यांनी स्वयंपाकघरासाठी दिवा मागितला, साठचा.
कोयाने खोकं पुढे केलं, त्यावर नऊ.
नऊ नको, साठ, हे म्हणाले.
नवातच साठचा उजेड आहे भाई,
लुमेन बघा. वॅट म्हणजे उजेड नाही,
वॅट म्हणजे त्या उजेडाचा खर्च.
साठी बुद्धी नाठी, मी पुटपुटले.
कोयाला कळलं नाही. ह्यांना कळलं.
ह्यांना अजून चाळीस व्हायची आहेत.

मग दोन फ्रिज उरले.
एक अलिफ, एक हे.
तीच उंची, तोच चंदेरी रंग,
किमतीत तीनशे नव्वद रियालचा फरक.
कागदाच्या तळाशी वर्षाची युनिटं:
चारशे दहा. सातशे चाळीस.
दिव्याच्या पावतीमागे मी वजाबाकी मांडली.
तीनशे तीस युनिटं, अठरा हलालाच्या भावाने
वर्षाला साठेक रियाल.
तीनशे नव्वद भागिले साठ.
साडेसहा.

साडेसहा वर्षांनी अलिफ वसूल होतो.
त्याआधी परत गेलो तर हे स्वस्त.

दोन वर्षं, मग गावी, हे म्हणाले होते
लग्नात. मागच्या ईदला.
विमानात पट्टा लावतानाही.
निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बांधावर
चौदा कलमं लावली हापूसची.
साडेसहा वर्षांत ती धरायला लागतील.

कुठला घ्यायचा? मी विचारलं.
गणित सांगितलं नाही.
हे दोन्ही दारं उघडत राहिले, मिटत राहिले,
आत नसलेल्या भाज्यांची जागा बघत.
मग अलिफवर तळवा ठेवला.
वीज वाचेल, म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
कोयाने लगेच ट्रॉली मागवली.

रात्री कागद काढायला गेले.
एक कोपरा निघाला,
बाकीचा नख लावूनही हलेना.
नवाच्या दिव्याखाली सगळं स्वच्छ दिसत होतं,
फरशीवरच्या जुन्या भाडेकरूच्या तेलाच्या डागासकट.
फ्रिज जरा गुणगुणला, गप्प झाला.
चांगला फ्रिज असा मधे मधे गप्प होतो म्हणे.

फोनवर सासूबाईंना सांगितलं,
फ्रिज घेतला, जरा महागाचा,
पुष्कळ वर्षं चालणारा.
बरं केलंत, म्हणाल्या.
मग थोडं थांबून विचारलं,
कलमांना पाणी घालायला
माणूस ठेवू का?